खेडमध्ये गेम आधी ऐकू आला

खेडमध्ये मी पाहिलेला पहिला व्हिडिओ गेम मी पाहिला नाही, ऐकला.

साल १९८९, दसऱ्याच्या आगेमागे. कोकणातल्या आमच्या खेडच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. खाडीपट्ट्यातला एक माणूस, बोटीवर नोकरीला असणारा, टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन आला. पांढरट अंग, गडद लाल कडा, दोन बाजूंच्या खाचांत दोन रिमोट बसवलेले, वर जपानी अक्षरं. योकोहामाला बोट लागली तेव्हा पोरांसाठी घेतला होता. घरी आल्या आल्या त्याने अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि पोरं टीव्हीसमोर बसायच्या आत धूर निघाला. जपानात घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची. हे त्याला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही नव्हतं.

अडॅप्टरचा ट्रान्सफॉर्मर गेला होता, पण डबा वाचला होता. खोलला तर आत एक ओळखीचा चेहरा भेटला. ७८०५, तीन पायांचा, पाच व्होल्टचा रेग्युलेटर. बाकीच्या आयसींवर काय लिहिलंय ते डोक्यावरून गेलं, पण ७८०५ दिसला की मेकॅनिकला धीर येतो. टेबलावरच्या सप्लायमधून नऊ व्होल्ट दिले. आता डबा चालू झाला की नाही हे कळायला त्याच्यावर दिवा नाही. टीव्हीचा चॅनल बदलायचा खटका पूर्ण फिरवला. नुसत्या मुंग्या. दुसरा टीव्ही लावला, त्यावरही मुंग्याच.

शेजारी दुरुस्तीला आलेला कुवेतचा एक टू-इन-वन पडला होता. त्याला एफएमचा पट्टा होता. खेडमध्ये तेव्हा त्या पट्ट्यावर खरखरीशिवाय काही लागत नसे, म्हणून कोणी तिकडे काटा नेतही नसे. मी सहज नेला. ९६च्या जरा अलीकडे खरखर थांबली. मी गेमच्या रिमोटचं एक बटण दाबलं आणि रेडिओतून गाणं सुरू झालं. मग दुसरं दाबलं तर टुणकन् उडी मारल्याचा आवाज आला. तो बोटीवरचा माणूस हसायला लागला. चित्र नाही, काही नाही, आणि आम्ही दोघं रेडिओवर गेम खेळतोय.

याचं कारण पुढे पुस्तकात सापडलं. जपानात टीव्हीचा पहिला चॅनल ज्या लहरींवर चालायचा, त्या लहरी आपल्याकडे एफएम रेडिओसाठी आहेत. त्यांचा आवाज ९५.७५ मेगाहर्ट्झला. आपला टीव्ही तो तुकडा ओलांडून पुढे जातो. चित्र मिळवायला मला आठ दिवस लागले. आतून व्हिडिओची तार काढून व्हीसीआरच्या मागच्या पिनेत घातली. चित्र आलं ते काळं-पांढरं, कारण त्यांची रंगाची पद्धत वेगळी. शिवाय त्यांच्याकडे सेकंदाला साठ चित्रं आणि आपल्याकडे पन्नास, त्यामुळे पडदा वर सरकत राहायचा. उभा होल्ड पिळून धरावा लागला. तो डबा म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉम, जपानात जुलै १९८३मध्ये निघालेला, आणि कॅसेट १९८५च्या सुपर मारिओची. मला तेव्हा एवढंच दिसलं, की एक मिशीवाला प्लंबर विटांना डोकं आपटतोय.

माझ्याकडे खेडच्या गेमचा जो काही इतिहास आहे तो असा, सगळा पावतीपुस्तकातला. काय मोडलं, कोणी आणलं, किती घेतले. मी स्वतः गेम खेळण्यात कधी हुशार नव्हतो. पण छत्तीस वर्षं जे मोडतं ते माझ्या टेबलावर येत राहिलं.

वस्तू खेडला दोन वाटांनी यायच्या. एक मुंबईहून, गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून. दुसरी आखातातून. आमच्या तालुक्यातल्या मोहल्ल्यांत ज्या घरचं कोणी कुवेत, जेद्दा नाहीतर दुबईला नाही असं घर शोधावं लागायचं. तिकडून पहिल्यांदा आले ते हातात मावणारे छोटे गेम, निन्टेंडोने १९८०पासून काढलेले, काचेवर काळी चित्रं उमटणारे आणि कोपऱ्यात घड्याळ असलेले. त्यांना बटणासारखे सेल लागत. ते सेल खेडमध्ये घड्याळवाल्याकडे मिळायचे, पण घड्याळवाला म्हणायचा, हे सेल घड्याळाला आहेत, खेळायला नाहीत. मग पोरं माझ्याकडे यायची आणि मी दोन पेन्सिल सेल बाहेरून वायर टाकून जोडून द्यायचो. हातातला गेम मग दप्तरात मावेनासा व्हायचा, पण महिना-महिना चालायचा.

पुढे प्रत्येक जत्रेत, प्रत्येक टपरीवर ते विटांचे गेम आले. डब्यावर ‘९९९९ इन वन’ लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तोच एक खेळ, वरून पडणारे तुकडे नीट रचायचे. हा खेळ १९८४मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव नावाच्या संगणकतज्ज्ञाने केला होता. मला तो आवडायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की खेळायचो. रॅकमध्ये स्पेअर पार्टचे डबे रचायचं माझं काम आणि तो खेळ यांत फरक कमी होता.

स्टँडच्या मागच्या गल्लीत पहिलं गेम पार्लर सुरू झालं ते १९९३-९४च्या सुमाराला. त्याआधी त्याच खोलीत व्हिडिओवर सिनेमे दाखवायचे. केबल आली, सिनेमे घरोघरी दिसायला लागले, आणि मालकाने मुंबईहून तीन मशीन आणली. प्लायवूडची उभी कपाटं, त्यात टीव्हीची ट्यूब आडवी बसवलेली, खाली लाल गोळ्याची दांडी आणि सहा बटणं. टेम्पो कशेडी घाट उतरून आला तेव्हा तिन्ही मशीन बंद. मला बोलावणं आलं. काही बिघडलं नव्हतं, घाटाने सगळे कनेक्टर सैल केले होते. त्यानंतर माझा नियमच झाला. मुंबईहून काहीही आलं, की आधी सगळे कनेक्टर दाबून बघायचे, मग मीटर काढायचा.

त्या मशीनची रचना मला फार आवडली होती. गेमचा बोर्ड वेगळा आणि कपाट वेगळं. जपानच्या मशीनवाल्यांच्या संघटनेने १९८५मध्ये ठरवून टाकलं होतं, की प्रत्येक बोर्डाच्या कडेला ५६ टोकं असतील आणि कोणतं टोक कशाला जाईल हे सर्वांचं सारखं असेल. त्यामुळे जुना गेम उपटायचा, नवा खोचायचा. मालक लॅमिंग्टन रोडला जायचा, जुना बोर्ड देऊन वर पैसे घालून दुसरा आणायचा. खेडच्या पोरांना दर चार-सहा महिन्यांनी नवा गेम मिळायचा तो एसटीच्या सीटखालून, वर्तमानपत्रात गुंडाळून आलेला.

पण एक बोर्ड मालकाने कधी बदलला नाही. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. हे नाव खेडमध्ये कोणीही कधी उच्चारलं नाही. त्यात चार गड्यांतून एक निवडायचा असतो, आणि त्यांतला टोपीवाला, धावत येऊन लाथ घालणारा, त्याचं नाव मुस्तफा. म्हणून गेमचंच नाव मुस्तफा. नुसतं खेडमध्ये नव्हे, पुढे मला कळलं की मुंबईपासून कुठवर तरी सगळीकडे याला मुस्तफाच म्हणायचे. पण आमच्याकडे दोन-तीन खरे मुस्तफा त्याच पार्लरमध्ये रांगेत असायचे, आणि त्यांचं म्हणणं असायचं की मुस्तफा त्यांनाच मिळायला पाहिजे. ब्राह्मण आळीतल्या पोरांचं म्हणणं, रुपया ज्याचा मुस्तफा त्याचा. मालकाने शेवटी चिठ्ठी लावली: ‘मुस्तफासाठी भांडणाऱ्यास बाहेर काढले जाईल.’

मशीनमध्ये बिघडायचं काय? सगळ्यात आधी बटणांखालचे मायक्रोस्विच. ते कट् कट् वाजतात ते. मुस्तफाच्या मशीनचं लाथेचं बटण मी दर दीड महिन्याला बदलायचो. मग ईएचटी, म्हणजे ट्यूबला जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर. दिवसाला बारा-चौदा तास मशीन चालू, खोलीला एक पंखा, तोही मालकाच्या डोक्यावर. उन्हाळ्यात ईएचटी जायचा, तो जाताना आउटपुट ट्रान्झिस्टरला घेऊन जायचा. पावसाळ्यात वेगळंच. कोकणातला पाऊस छतातून येत नाही तेव्हा हवेतून येतो. बोर्डावर हिरवा गंज चढायचा, ५६ टोकं काळी पडायची. त्यावर औषध शाळेतलं, खोडरबर. टोकांवर खोडरबर घासायचा, ब्रशने झटकायचं, परत खोचायचं. मी वर्षाला खोडरबरांचा एक डबा संपवायचो आणि स्टेशनरीवाल्याला वाटायचं, ह्याची मुलं फार चुका करतात.

पोरांची अक्कलही नोंदवायला हवी. गॅस पेटवायचा लायटर असतो ना, ठिणगीवाला, तो कॉइनच्या पट्टीजवळ नेऊन दाबला की कधीकधी मशीनला रुपया पडल्यासारखं वाटायचं. हे कोणी शोधलं कोण जाणे. अचानक खेडमधल्या बऱ्याच घरांतले लायटर हरवायला लागले. मालक माझ्याकडे आला. मी कॉइनच्या तारेला अर्थिंग नीट केलं, एक छोटा कपॅसिटर टाकला, विषय संपला. पोरांनी मला चार महिने बाजारात ओळख दाखवली नाही.

एक बोर्ड मात्र मला दुरुस्त करता आला नाही, आणि तो मला अजून टोचतो. एका नावाजलेल्या जपानी कंपनीचा, हिरव्या बंद डब्यातला, मालकाने पुष्कळ पैसे देऊन आणलेला. एक दिवस पडदा एकरंगी झाला, बस. जळकं काही नाही, फुटकं काही नाही, व्होल्टेज सगळे बरोबर. मी तीन दिवस घालवले आणि शेवटी हात टेकले. पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या मालिकेच्या बोर्डांत गेमचा प्रोग्रॅम कुलूपबंद असायचा आणि त्याची किल्ली एका छोट्या मेमरीत, बॅटरीवर जिवंत ठेवलेली. नक्कल होऊ नये म्हणून. बॅटरी मेली की किल्ली पुसली जायची. वस्तू धडधाकट, पण तिने कधी मरायचं हे विकणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं. माझ्या धंद्यात तोवर असं काही मी पाहिलं नव्हतं.

पार्लर मेलं ते बॅटरीने नाही, हावेने. शेवटी शेवटी मालकाने मागच्या खोलीत आकड्यांची दोन मशीन ठेवली. त्यांना कोणी गेम म्हणत होते, पण त्यावर लोटे परशुरामच्या कारखान्यांतले कामगार पगाराच्या दिवशी बसायचे आणि पगार संपला की उठायचे. १८८७चा जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे आहेच. एकदा पोलिस येऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात शटर खाली आलं. दोष आकड्यांच्या मशीनचा होता, पण बदनाम मुस्तफा झाला. आमच्या पिढीच्या आईबापांच्या डोक्यात ‘गेम म्हणजे जुगार’ हे बसलं ते तिथून.

आता घरचा गेम. माझ्या पावतीपुस्तकात हाच सगळ्यात जास्त भरलेला आहे, १९९४ ते २००६-०७ पर्यंत.

मुंबईत मनीष मार्केटला, मुसाफिरखान्याला हे डबे मिळायचे. मीडिया, सामुराय, लिटल मास्टर, आणि ज्यांच्यावर कसलंच नाव नाही असे असंख्य. आत सगळ्यांच्या तोच तो फॅमिकॉम, जो मी १९८९मध्ये रेडिओवर ऐकला होता, नक्कल करून. सुरुवातीच्या डब्यांत पायवाल्या आयसी असत, एखादी काढून दुसरी टाकता यायची. मग सगळं एका चिपमध्ये आलं आणि ती चिप बोर्डावर डांबराच्या थेंबासारख्या काळ्या टिपक्याखाली गाडलेली. टिपका गेला तर डबा फेकायचा. पण टिपका क्वचितच जायचा. जायचं ते बाहेरचं सगळं.

अडॅप्टर पहिला. आमच्याकडे रात्री उशिरा, गिरण्या-पंप बंद झाले की व्होल्टेज अडीचशेच्या वर चढायचं आणि अडॅप्टरचं प्रायमरी वाइंडिंग उडायचं. मग रिमोटची वायर, नेमकी मानेजवळ तुटायची, कारण मारिओने उडी मारली की पोरंही रिमोट वर उडवतात. मग बटणांखालचं कार्बनचं रबर. ते झिजलं की बटण दाबून बोट दुखतं पण माणूस उडत नाही. नवं रबर खेडात मिळायचं नाही. यावर मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कापून, गोल टिकली करून रबराला चिकटवायचो. दर आठ दिवसांनी पानवाल्याकडून रिकामी पाकिटं आणायचो. एका मुलाच्या आजीने मला विचारलंही, एवढा चांगला माणूस, सिगारेटी का ओढतोस रे बाबा?

कॅसेटवर ‘९९९९९९९ इन वन’ छापलेलं असायचं. एका पावसाळी संध्याकाळी मी पेन्सिल-कागद घेऊन मोजले. अकरा निघाले. बाकी सगळे तेच अकरा, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठे रंग बदललेला. नावं इंग्रजीत, तीही चुकीची. पोरांनी आपापली ठेवली होती. कुऱ्हाड फेकत, फळं खात पळणारा तो ‘कुऱ्हाडवाला’. कॉन्ट्राला मात्र कॉन्ट्राच म्हणायचे. कॉन्ट्रात तीन लाईफ मिळतात, पण सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा आणि मग दोन बटणं असं दाबलं की तीस मिळतात. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या कोनामीच्या माणसाने १९८६मध्ये दुसऱ्याच एका गेमच्या वेळी, स्वतःला तो तपासताना सोपं जावं म्हणून टाकली होती. इंटरनेट नसताना ती खेडपर्यंत आली कशी? मे महिन्यात, परळहून आजोळी आलेल्या एका पोराच्या तोंडून. त्याने ती फुकट सांगितली नाही. एक बरणी रातांबे आणि जगबुडीत पोहायला शिकवण्याच्या बोलीवर सांगितली. नंतर ती माझ्या दुकानाच्या फळीवर पेनने लिहून ठेवलेली होती, कारण दुरुस्त झालेला सेट तपासायला मलाही लागायची.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, ती मला पुढे सांगता आली. ते गेम जपानच्या सेकंदाला साठ चित्रांच्या हिशेबाने केलेले, आणि आपल्याकडचे डबे पन्नासवर चालणारे. म्हणजे खेडचा मारिओ जपानच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने सावकाश धावायचा. खेडला ते शोभूनच दिसायचं.

बंदुकीबद्दलही सांगायला हवं, कारण अजून कोणी ना कोणी ती घेऊन येतं. त्या डब्याबरोबर नारिंगी किंवा काळी बंदूक यायची, बदकं मारायला. लोकांना वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं. निघत काही नाही, बंदूक नुसती बघते. घोडा दाबला की एक क्षण पडदा काळा होतो आणि पुढच्या क्षणी फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन. नळीतल्या डोळ्याला त्याच वेळी उजेड दिसला तर बदक पडलं. ही सगळी गंमत ट्यूबवाल्या टीव्हीवर, जिथे उजेड रेषेरेषेने, ठरल्या वेळी पडतो. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. त्यामुळे घरात ट्यूब नसेल तर बंदूक दुरुस्त करून मागू नका. ती बिघडलेलीच नाही.

आता एक कबुली. त्या काळात आया माझ्या दुकानात यायच्या, मुलाला बाहेर उभं करून. “दादा, तुम्ही सांगा त्याला. गेम खेळून टीव्हीची ट्यूब जाते ना?” मी सांगायचो, जाते. “रंग उडतात ना?” उडतात. खरं तर तेच ते चित्र महिनोन्‌महिने पडद्यावर स्थिर राहिलं तर डाग पडू शकतो. पोरांनी रोज दोन तास खेळून मी एकही ट्यूब गेलेली पाहिली नाही. पण दहावीचं वर्ष, त्या बाईचा नवरा मुंबईला, आणि तीच एकटी पोराला आवरणारी. मी खोटं बोललो, पुष्कळांशी बोललो. त्यांतला एक परवा भेटला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, “काका, तुमच्यामुळे मी आठवीत कॉन्ट्रा सोडला.” आभार मानत होता की तक्रार करत होता, मला कळलं नाही.

हंगाम ठरलेला असायचा. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात डबे दुरुस्तीला. चाकरमानी पोरं यायची, गावची पोरं जमायची, एका रिमोटवर आठ जण, एक लाईफ गेली की पुढच्याकडे. कमाईच्या आठवड्यात लोडशेडिंग. डब्यात खेळ जपून ठेवायची सोय नाही, वीज गेली की आठव्या स्टेजवरचा मारिओ परत पहिल्या विटेखाली. वीज जाताना आळीतून जो एकदम ओरडा उठायचा, त्यावरून मला कळायचं कोणाकोणाकडे गेम चालू होता.

पुढचं भराभर. २००१मध्ये एमएस-सीआयटी आली, कॉम्प्युटरचे क्लास निघाले, आणि पोरं फॉर्म भरताना एक्सेल शिकायचं म्हणायची. पण फ्लॉपीत असायचा ‘डेव्ह’ नावाचा गेम. सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये, चार कॉम्प्युटर एका हबला जोडून काउंटर-स्ट्राइक, नाहीतर व्हाइस सिटीत मोटार पळव. ‘क्रिकेट ०७’ने मात्र खेडमध्ये जे केलं ते कशानेच केलं नाही, ज्यांनी कधी रिमोट धरला नव्हता असे थोरले लोकही कीबोर्डावर षटकार मारायला बसले. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर फार आले नाहीत, त्याला वेगळे लोक होते. माझ्याकडे आले ते नोकिया. २००३चा ११००, टॉर्चवाला, पाखाडीवरून रात्री घरी जाणाऱ्या माणसासाठीच जणू केलेला. त्याचा कीपॅड बदलायला यायचा तेव्हा मी आकडे बघायचो. २, ४, ६, ८ पुसलेले आणि बाकीचे शाबूत असले की समजायचं, हा माणूस फोन कमी करतो आणि साप जास्त खेळवतो. एसटीच्या एका कंडक्टरने माझ्याकडून एका वर्षात तीन कीपॅड बदलून घेतले.

मग माझ्या मुलाने दुकानात मोबाइलचा काउंटर टाकला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, मार्च २०१८मध्ये पबजी. चार्जिंग चालू ठेवून खेळतात म्हणून चार्जिंगच्या पिना सैल, बॅटऱ्या फुगलेल्या, असे फोन रोज दहा. जून २०२०मध्ये निसर्ग वादळाने आमच्याकडे विजेचे खांब आडवे केले, तेव्हा दुकानात जनरेटरवर फोन चार्ज करून घ्यायला रांग लागायची, आणि त्यात घरी फोन लावायचा म्हणणारे थोडे असायचे. कोरोनामुळे शाळा मोबाइलवर गेली होती. डोंगराच्या ज्या सड्यावर रेंज मिळते तिथे पोरं सकाळी वर्गाला बसायची आणि वर्ग संपला की त्याच दगडावर पबजीला.

२ सप्टेंबर २०२०ला सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. ज्यांच्या फोनात आधीच होतं त्यांचं चालत राहिलं. ३० ऑक्टोबरला कंपनीने सर्व्हर बंद केले. त्या आठवड्यात लोट्याकडचा एक मुलगा फोन घेऊन आला. म्हणाला, बिघडलाय, गेम लागत नाही. माझा मुलगा हसला, मी हसलो नाही. मला तो हिरव्या डब्यातला बोर्ड आठवला. खोलण्यासारखं काही नव्हतं. सगळं बरोबर होतं आणि खेळ मेलेला होता. जुलै २०२१मध्ये तोच खेळ भारतासाठी वेगळं नाव घेऊन आला, जुलै २०२२मध्ये परत गेला, मे २०२३मध्ये परत आला. या जाण्या-येण्यात माझ्या मीटरला काही काम नव्हतं. पुण्यात आता गेम तयार होतात, २०२०चा ‘राजी’ तिथल्याच मंडळींचा, आणि तो मला फार देखणा वाटला. पण तोही माझ्या टेबलावर यायचा नाही. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवर ऑगस्ट २०२५मध्ये कायदा झाला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. चांगलं झालं. पार्लरची ती मागची खोली फोनात शिरली होती आणि तिला शटर नव्हतं.

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणच्या पुरामुळे सगळ्यांना माहीत आहे. खेडचं नाव बातम्यांत मागे राहिलं. जगबुडीची धोक्याची पातळी सात मीटर. नदीचं नावच जगबुडी, तिला कोण सांगणार. बाजारपेठेत पाणी भरलं, माझं टेबल बुडलं. बत्तीस वर्षांच्या कॅसेटी, रिमोट, सिगारेटच्या कागदांच्या टिकल्यांचा डबा, सगळं चिखलात. मी आणि मुलाने बोर्ड गोड्या पाण्याने धुतले, उन्हाची तिरीप आली तसे वाळवले. चार वाचले.

माळ्यावर एक खोकं होतं ते कोरडं राहिलं. २००५च्या पुरातही ते कोरडंच राहिलं होतं. आत एक काळा सेट, दोन रिमोट, बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. पावती शिमगा २००४ची: ‘अडॅप्टर, डावा रिमोट, चाळीस रुपये’. नावाच्या जागी मी नुसतं ‘भरणे, मुंबैकर’ लिहिलंय. काम झालं होतं, न्यायला कोणी आलं नाही. गेल्या मे महिन्यात मी तो चौदा इंची जुन्या टीव्हीला लावून पाहिला. चालतो. डावं बटण जरा घट्ट आहे.

ज्याचा असेल त्याने येऊन घेऊन जावा. पावती हरवली असेल तर हरकत नाही, कॅसेटच्या मागे निळ्या पेनने काय लिहिलंय ते सांगा म्हणजे झालं. चाळीस रुपये माफ. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.